अर्धवटराव आणि आजचीं मुलें

ज्या घरांत दूरचित्रवाणीचा पडदा भिंतीएवढा झाला आहे आणि लहानग्यांच्या हातांत भ्रमणध्वनि खेळण्यासारखा वावरतो, त्या घरांत लांकडाच्या नि कापडाच्या बाहुल्यास आतां कोण विचारतो, असा प्रश्न पुष्कळ वडील माणसें करितात. ज्या बाहुल्यांनीं आम्हांस पोट धरून हंसविलें त्यांचा काळ सरला, असें त्यांस म्हणावयाचें असतें. परंतु या प्रश्नाचा उलगडा नुसत्या हळहळीनें होणार नाहीं. कोणती बाहुली टिकली, कोणती मागें पडली आणि तसें कां झालें, हें एकेक उदाहरण घेऊन पाहिलें पाहिजे. माझें मत प्रथमच सांगून टाकतों : बाहुली जुनी आहे कीं नवी याची मुलांस मुळींच पर्वा नसते, ती आपल्याशीं बोलते कीं नाहीं, एवढेंच तीं पाहतात.

आपल्या भाषेला बाहुली नवी नाहीं. इ. स. १२९० मध्यें पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरींत दोरीनें चालणाऱ्या बाहुल्याचा दृष्टांत आलेला आहे. त्या काळीं असे खेळ श्रोत्यांच्या चांगल्या ओळखीचे असले पाहिजेत. नाहीं तर दृष्टांत देऊन उपयोग काय? नाटकांतल्या 'सूत्रधार' या शब्दांतही सूत्र, म्हणजे दोरी, आहेच. ज्या विष्णुदास भावे यांनीं १८४३ सालीं सांगली येथें 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणून मराठी नाटकाचा पाया घातला, त्यांनींच लांकडी बाहुल्याही घडविल्या होत्या, ही गोष्ट मात्र पाठ्यपुस्तकें बहुधा सांगत नाहींत.

बाहुल्यांच्या जाती स्थूलमानानें पांच समजाव्या. दोरीवर नाचते ती कळसूत्री. मोज्याप्रमाणें हातांत घालतात ती हातबाहुली. खालून काठीनें उचलून धरतात ती काठीची. दिव्याच्या उजेडांत जिची सावली पडद्यावर पडते ती छायाबाहुली. आणि धन्याच्या मांडीवर बसून त्याच्याशींच वाद घालते ती बोलकी बाहुली. या शेवटच्या जातीकडे आपल्याला सविस्तर वळावयाचें आहे. तत्पूर्वीं पहिल्या जातीचें एक उदाहरण पाहूं.

सिंधुदुर्ग जिल्ह्यांत कुडाळजवळ पिंगुळी नांवाचें गांव आहे. तेथील ठाकर समाजानें चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या या तीन कला पिढ्यान् पिढ्या सांभाळल्या. पूर्वीं त्यांस सावंतवाडी संस्थानचा आश्रय होता. खेळ देवळांत, उत्सवाच्या दिवसांत, रात्रीच्या वेळीं होत आणि कथा बहुधा रामायणाची असे. नाशिकच्या मुलांनीं येथें कान टवकारावे, कारण पिंगुळीचे कलावंत ज्या सीताहरणाची कथा कोंकणांत सांगत आले, तें घडलें म्हणतात तें आपल्या गोदावरीच्या पलीकडच्या तीरावर, पंचवटींत ! या कलेसाठीं पिंगुळीचे परशुराम आत्माराम गंगावणे यांस २०२१ सालीं पद्मश्री मिळाली. त्यांच्या कुटुंबानें 'ठाकर आदिवासी कला आंगण' हें संग्रहालयही उभें केलें आहे.

आतां पाहा, राम, सीता आणि रावण यांचें आकर्षण मुलांस नाहीं असें कोणी म्हणूं शकेल काय ? रामानंद सागर यांची 'रामायण' मालिका १९८७ च्या जानेवारींत दूरदर्शनवर सुरू झाली, तेव्हां तिच्या वेळेस रस्ते ओस पडत. २०२० च्या टाळेबंदींत ती पुन्हां दाखविली, तेव्हां त्या प्रेक्षकांच्या नातवंडांनींही ती पाहिली. म्हणजे पात्रें तींच, गोष्ट तीच. मग पिंगुळीचा रावण घरोघरीं कां पोहोंचला नाहीं ? याचें कारण मुलांच्या आवडीनिवडींत नसून खेळाच्या घडणींत आहे. कळसूत्री बाहुलीची मोहिनी अंतरांत असते. मंद उजेड, गायकाचा आवाज, मृदंगाचा ठेका आणि दहा हातांवर बसलेला प्रेक्षक, असा सगळा मेळ जमला म्हणजे दोरी दिसेनाशी होते. चित्रण करणारें यंत्र मात्र बाहुलीच्या नाकापाशीं जातें; मग दोरी तेवढी दिसते आणि जादू नाहींशी होते. आपल्या जिल्ह्यांत पेठ, सुरगाणा या बाजूस लांकडी मुखवटे घालून होणाऱ्या बोहाड्याचेंही असेंच आहे. त्याचें चित्रण पाहून 'यांत काय विशेष ?' म्हणणाऱ्या मुलास एकदां प्रत्यक्ष रात्रीं, मशालीच्या उजेडांत, समोर उभें करावें. तो बापाचा हात सोडणार नाहीं.

बोलक्या बाहुलीचें याच्या अगदीं उलट आहे. तिला जवळीक मानवते. महाराष्ट्रांत बोलकी बाहुली म्हटली कीं अर्धवटरावांचेंच नांव तोंडांत येतें. शब्दभ्रमकार यशवंत केशव पाध्ये यांनीं हा बाहुला शंभरांहून अधिक वर्षांपूर्वीं निर्माण केला. त्यांचे चिरंजीव रामदास पाध्ये १९६७ सालीं प्रथम रंगमंचावर आले आणि वडिलांचा वारसा त्यांनीं पुढें चालविला. आज त्यांच्या पत्नी अपर्णा व मुलगा सत्यजित हेही त्याच कामांत आहेत. अर्धवटरावांस आवडाबाई नांवाची कुटुंबीण आहे, आणि या जोडप्याचें एकमेकांशीं कधीं पटत नाहीं, हें सांगावयास नकोच. दूरदर्शनचें मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. पुढें ज्यांनीं नाटकगृह कधीं पाहिलें नव्हतें अशांच्याही घरांत हे गृहस्थ जाऊन बसले. याच पाध्ये कुटुंबानें विष्णुदास भावे यांच्या जीर्ण झालेल्या बाहुल्या दुरुस्त करून पुन्हां रंगमंचावर आणल्या, याबद्दल त्यांचे जितके आभार मानावे तितके थोडेच.

शब्दभ्रम म्हणजे काय, हेंही समजून घ्या. आवाज खरोखर बाहुलीच्या तोंडांतून येत नाहीं, पोटांतूनही येत नाहीं. तो कलावंताच्या कंठांतूनच येतो. परंतु आपला कान डोळ्यांच्या मागोमाग चालणारा आहे. ज्याचे ओठ हालतात तो बोलतो, असें तो धरून चालतो. म्हणून कलावंतानें ओठ स्थिर ठेवले आणि बाहुलीचा जबडा वेळेवर हालविला कीं काम झालें. अडचण एकच. व्याकरणांत तुम्ही प, फ, ब, भ, म हे ओष्ठ्य वर्ण शिकलां आहांत. ओठ मिटल्यावांचून ते उच्चारतां येत नाहींत. शब्दभ्रमकार त्यांच्या जागीं जिभेच्या टोंकानें जवळचा वर्ण काढतो, प च्या ठिकाणीं त सारखा, ब च्या ठिकाणीं द सारखा, म च्या ठिकाणीं न सारखा. आणि वाक्याच्या ओघांत ऐकणाऱ्याचें मन ती चूक आपणच सुधारून घेतें. 'अर्धवटराव' या नांवांत असा एकही वर्ण नाहीं, व आहे तो दंतोष्ठ्य. 'आवडाबाई' मध्यें मात्र एक ब डोकावतोच. उच्चारशास्त्राचा असा गोड धडा दुसरीकडे क्वचितच मिळेल.

तथापि केवळ ओठ न हालवण्याच्या कसबावर बाहुली शंभर वर्षें जगत नाहीं. याचा पुरावा अमेरिकेंत सांपडतो. एडगर बर्गन नांवाच्या शब्दभ्रमकारानें आपला चार्ली मॅकार्थी हा बाहुला १९३७ पासून चक्क रेडिओवर आणला. ज्या रेडिओवर ओठ दिसत नाहींत, बाहुला दिसत नाहीं, तेथें शब्दभ्रमाचें कौतुक कोणास कसें वाटावें ? तरीही तो कार्यक्रम अनेक वर्षें अत्यंत लोकप्रिय राहिला, कारण लोकांस चार्लीचा स्वभाव हवा होता. मोठ्या माणसांस तोंडावर उत्तर देण्याची जी मोकळीक कोणत्याही सभ्य मुलास नसते, ती बाहुल्यास असते. अर्धवटरावांचें मर्म हेंच आहे. सर्वांसमक्ष ते आपल्या धन्याची फजिती करितात आणि धन्यास रागावतां येत नाहीं. कारण रागावावें तर स्वतःवरच रागावावें लागेल! इंग्लंडमध्यें सूटी नांवाच्या पिवळ्या अस्वलाची तऱ्हा याहून निराळी. तो स्वतः एक शब्दही बोलत नाहीं, धन्याच्या कानांत कुजबुजतो. हॅरी कॉर्बेट यांनीं तो १९४८ सालीं ब्लॅकपूल येथें विकत घेतला, १९५२ पासून तो दूरचित्रवाणीवर दिसूं लागला, आणि १९७६ सालीं तो मुलाच्या हातीं आला. न बोलतांही तो बोलतो, एवढाच त्याचा अर्थ.

आजच्या मराठी मुलांकडे वळूं. मीं पांचवीच्या वर्गांत अर्धवटरावांचें चित्र दाखविलें, तेव्हां कांहींच मुलांनीं नांव सांगितलें. तात्या विंचूचें चित्र दाखवितांच सारा वर्ग ओरडला. महेश कोठारे यांचा 'झपाटलेला' हा चित्रपट १९९३ चा. त्यांतील बाहुला रामदास पाध्ये यांच्याच हातचा, आणि त्याचा आवाज दिलीप प्रभावळकर यांचा. त्याचा दुसरा भाग २०१३ सालीं आला. माझ्या वर्गांतील एकही मूल १९९३ सालीं जन्मलेलें नव्हतें. तें तर सोडाच, कित्येकांचे आईबाप त्या वेळीं शाळेंत होते. दूरचित्रवाणीनें तो चित्रपट पुनःपुन्हां दाखविल्यामुळें ही ओळख झाली. गुंडाचा आत्मा बाहुल्यांत शिरतो ही कल्पना मला स्वतःस फारशी रुचत नाहीं, आणि लहान भावंडांस ती रात्रीं दाखवूं नये असें मी पालकांस सांगेन. पण जें आहे तें कबूल केलें पाहिजे : अर्धवटरावांचें आणि तात्या विंचूचें घराणें एकच. ज्या मुलांनीं तात्यास ओळखलें, त्यांनीं पाध्यांच्या बाहुल्यास न कळत ओळखलेंच आहे.

याच वर्गांत मी एकदां जुन्या पायमोज्याची बाहुली हातांत घालून गेलों. तिच्यांत कांहींही कसब नव्हतें, माझे ओठ सर्वांस दिसत होते. तरी पांच मिनिटांच्या आंत मुलें माझ्याकडे न पाहतां पायमोज्याकडे पाहून प्रश्न विचारूं लागलीं. एक मुलगा, जो एरवीं हात वर करीत नाहीं, त्यानें तिला विचारलें, "तुला शाळा आवडते का ?" हा प्रश्न त्यानें मला कधींच विचारला नसता. अमेरिकेंत १९६९ पासून 'सेसमी स्ट्रीट' आणि आपल्याकडे २००६ पासून 'गली गली सिम सिम' यांनीं अक्षरें व अंक शिकविण्यासाठीं बाहुल्याच कां निवडल्या, तें मला त्या दिवशीं कळलें. चमकी ही शाळेच्या गणवेशांतली मुलगी बाहुली आहे हें मुलांस पक्कें माहीत असतें, आणि तरीही तीं तिच्या प्रश्नास उत्तर देतात.

तेव्हां चिंता मुलांच्या आवडीची नाहीं. चिंता आहे ती शिकणाऱ्या हातांची. पाध्ये यांच्या घरीं तिसरी पिढी उभी आहे, परंतु एवढ्या मोठ्या महाराष्ट्रांत अशीं घरें किती ? पिंगुळीची कला थोडक्या कुटुंबांच्या हातीं आहे, आणि ज्या मुलानें दोरी धरावयास शिकावें त्यास पोटापाण्यासाठीं मुंबईस जावें लागतें. चित्रण करून ठेवलेला खेळ शंभर वर्षें टिकेल. पण त्यांतली बाहुली समोर बसलेल्या मुलाच्या प्रश्नास उत्तर देणार नाहीं. आपल्या शाळेच्या स्नेहसंमेलनांत नृत्यांस जो वेळ मिळतो त्यांतील दहा मिनिटें बाहुल्यांस मिळावीं, अशी माझी सूचना आहे, आणि ती मी येथें छापून ठेवतों म्हणजे कोणास विसरतां येणार नाहीं.

दरम्यान सुट्टींत एवढें करून पाहा. जुना मोजा घ्या, अंगठा खालचा जबडा आणि चार बोटें वरचा जबडा समजा, डोळ्यांच्या जागीं दोन गुंड्या शिवा. मग आरशासमोर बसून, दांत किंचित् विलग ठेवून, ओठ न हालवितां आधीं 'काका', 'दादा', 'गाडी' हे शब्द म्हणा. ते सहज जमतील. नंतर 'बाबा' म्हणा. आरशांत ओठ हालले तर पुन्हां प्रयत्न करा. आणि ओठ न हालतां 'बाबा' ऐवजीं 'दादा' ऐकूं आलें, तर घरांतल्या कोणास तरी तें वाक्यांत घालून ऐकवा, आणि त्यास काय ऐकूं आलें तें विचारा.