जंतुनाशके आणि आपले घर : महामारीच्या काळाने दिलेला धडा

आपल्या रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात जमाखर्चाच्या पानांपूर्वी आरोग्यविषयक एक लेख देण्याची प्रथा आहे. तो बहुधा डॉक्टर मंडळी लिहितात. यंदाचा विषय मात्र मी त्यांच्याकडून मागून घेतला. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. रसायनशास्त्राशी माझा संबंध शालान्त परीक्षेबरोबर संपला. तरीही कोरोनाच्या काळात रुग्णालयासाठी जंतुनाशकांची खरेदी, साठवण आणि वाटप माझ्याच सहीने झाले, आणि त्यातील एक गंभीर चूकही माझीच होती.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी जाहीर झाली, तेव्हा सॅनिटायझर मिळेनासे झाले होते. केंद्र सरकारला २०० मिलीलीटरच्या बाटलीची कमाल किंमत १०० रुपये अशी ठरवून द्यावी लागली. औद्योगिक वसाहतीतील रोलिंग मिलमध्ये काम करणारे परप्रांतीय कामगार एका खोलीत पाच-सहाजण राहत. त्यांच्या खोल्या स्वच्छ राहाव्यात या हेतूने आम्ही सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण वाटण्याचे ठरविले. कॅन आमच्याकडे होते, लहान बाटल्या नव्हत्या. तेव्हा पिण्याच्या पाण्याच्या रिकाम्या बाटल्या गोळा करून त्यांत द्रावण भरले. चिठ्ठी लावण्याचे कोणाला सुचले नाही. मला तर नाहीच. दुसऱ्याच दिवशी आमच्या एका सुरक्षारक्षकाने तहानेच्या भरात तशीच एक बाटली तोंडाला लावली. वासामुळे त्याने घोट थुंकून टाकला आणि तोंड भाजण्यावर निभावले. द्रावण त्या मानाने पातळ होते, हे त्याचे आणि माझे सुदैव.

असा प्रसंग केवळ अडाणीपणाने घडतो, असे कोणी समजू नये. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात कापसी-कोपरी येथे पल्स पोलिओ मोहिमेत पाच वर्षांखालील बारा बालकांना लसीऐवजी सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. मुलांना उलट्या झाल्या, यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात दाखल करावे लागले. सुदैवाने सर्व बालके बचावली. तेथे प्रशिक्षित कर्मचारी होते. चूक झाली ती बाटली न वाचण्याची. त्याच जिल्ह्यातील वणी येथे एप्रिल २०२१ मध्ये दारूची दुकाने बंद असताना सॅनिटायझर प्यायल्याने सात जणांचा मृत्यू झाला. सॅनिटायझरमधील मद्यार्क हा पिण्याचा नव्हे. शिवाय बनावट मालात मिथेनॉल असण्याचा संभव असतो. जून २०२० मध्ये सीबीआयने राज्यांना याच धोक्याचा इशारा दिला होता. मिथेनॉलमुळे दृष्टी जाते, पुढे प्राणही जातो.

आता एक नाजूक विषय. त्या वसंतात एका उदार देणगीदारांनी आम्हांस प्रवेशद्वारावर फवारणीचा बोगदा बसवून दिला. आत शिरले की चोहोबाजूंनी हायपोक्लोराइटचे तुषार अंगावर येत. रुग्णांचे नातेवाईक आनंदाने त्यातून जात. वर्तमानपत्रात छायाचित्रही आले. पुढे १८ एप्रिल २०२० रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सूचना काढली की, माणसांच्या अंगावर जंतुनाशक फवारू नये. त्याने डोळे, त्वचा व श्वसनमार्गाला इजा होते, मळमळ व उलट्या होऊ शकतात, आणि शरीरात शिरलेला विषाणू तर मरत नाहीच. उलट, आपण निर्धोक झालो अशा समजुतीने लोक हात धुण्यात हयगय करतात. आम्ही बोगदा बंद केला. देणगीदारांना तसे सांगणे मला फार जड गेले, परंतु त्यांनी ते मोठ्या मनाने स्वीकारले व त्याच साहित्यातून हात धुण्याचे बेसिन करून दिले. ५ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानेही माणसांवरील अशा फवारणीस बंदी घालण्याबाबत केंद्राला निर्देश दिले. दानाचा हेतू शुद्ध असला तरी वस्तू योग्य आहे की नाही हे पाहण्याची जबाबदारी घेणाऱ्याची असते, असे माझे मत आहे.

घरातील सर्वांत मोठा धोका मात्र बाटलीत नसून मिश्रणात आहे. संडास साफ करण्याच्या ॲसिडमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असते. ते आणि ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडर एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. हाच वायू पहिल्या महायुद्धात सैनिकांवर सोडला गेला होता. अमोनियायुक्त द्रवाबरोबर ब्लीच मिसळले तरी विषारी वायू तयार होतो. ‘दोन औषधे घातली तर दुप्पट जंतू मरतील’ हा हिशेब येथे चालत नाही. आमच्याकडे आलेल्या एका गृहिणीने घरातला रुग्ण बरा झाल्यावर बंद न्हाणीघरात नेमके हेच केले होते. डोळ्यांची आग, खोकला आणि धाप अशा अवस्थेत तिला शेजाऱ्यांनी आणले. अशा वेळी प्रथम मोकळ्या हवेत यावे. बादली उचलण्यासाठी पुन्हा आत जाऊ नये.

प्रमाणाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण टक्केवारी हा आमचा प्रांत. रुग्णालयात एक टक्का द्रावण वापरतात. बाटलीवर पाच टक्के लिहिले असेल तर एक भाग द्रव व चार भाग पाणी घेतले की एक टक्का होते. घरात एवढ्या तीव्रतेची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटनेने घर व कार्यालयांसाठी ०.१ टक्का पुरेसे मानले आहे. म्हणजे पाच टक्क्यांचे २० मिलीलीटर घेऊन त्यात एक लीटर होईपर्यंत पाणी घालावे. आधी साबणाच्या पाण्याने फरशी पुसून, स्वच्छ पाण्याने धुऊन घ्यावी. मळ असल्यास ब्लीचची शक्ती त्यातच खर्ची पडते. नंतर द्रावण लावून निदान एक मिनिट ओले राहू द्यावे. पाणी थंड असावे, खिडकी उघडी असावी, हातात रबरी मोजे असावेत. पातळ केलेले द्रावण त्याच दिवशी संपवावे. आपल्याकडील उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवलेला मूळ कॅनही लवकर निकामी होतो, हे साठा तपासताना माझ्या लक्षात आले. फळे-भाज्या ब्लीचने किंवा फिनेलने कदापि धुऊ नयेत. वाहते पाणी पुरे.

सॅनिटायझर ज्वालाग्राही असते. ते हाताला चोळून पूर्ण सुकल्याशिवाय शेगडीजवळ अथवा देवघरातील निरांजनाजवळ जाऊ नये. घरी साबण व पाणी असताना त्याची आवश्यकताही नाही.

कोणी जंतुनाशक प्यायल्यास मिठाचे पाणी पाजून उलटी करविण्याची आपल्याकडे सवय आहे. ती घातक आहे, कारण दाहक द्रव वर येताना अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजते. तोंड पाण्याने स्वच्छ करावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. डोळ्यांत गेल्यास वाहत्या पाण्याने पंधरा ते वीस मिनिटे धुवावे. रुग्णालयात येताना ती बाटली बरोबर आणावी; ‘काहीतरी पांढरे होते’ एवढ्यावरून डॉक्टरांना उपचार ठरविता येत नाहीत.

आमच्या भांडारात आता पाण्याची अथवा शीतपेयाची रिकामी बाटली आत नेण्यास मनाई आहे. प्रत्येक बाटलीवर मराठी व हिंदीत नाव, तीव्रता आणि भरल्याची तारीख असते. वाचता न येणाऱ्यांसाठी तांबडा पट्टा असतो. तो पट्टा सुचविला त्याच सुरक्षारक्षकाने.