केमो आणि शेक एकाच वेळी का?

प्रश्न : बाबांना घशाचा कॅन्सर आहे, तिसरी स्टेज. केमो आणि शेक एकत्र घ्यायला सांगितलंय. झेपेल का?
– एक वाचक, मच्छीमार नगर, कफ परेड

उत्तर : शेकाने कॅन्सरच्या पेशींना झालेली इजा सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध भरून येऊ देत नाही, म्हणून दोन्ही एकत्र. आयएमआरटी तंत्राने किरण गाठीवर नेमके पडतात, लाळग्रंथी बऱ्याच वाचतात. मूत्रपिंड किंवा कान कमजोर असतील तर डोसेटॅक्सेलचा पर्याय विचारा. परळच्या टाटा रुग्णालयाच्या २०२३च्या अभ्यासात, सिस्प्लॅटिन न चालणाऱ्यांना शेकासोबत डोसेटॅक्सेल दिल्यावर दोन वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण ४२वरून ५१ टक्क्यांवर गेलं. सहा-सात आठवडे कठीण जातील, तोंड सोलवटेल. दात आधी तपासून घ्या. तंबाखू आणि तिखट कालवण बंद. पेज, काटे काढलेली मऊ मासळी द्या. गिळवेना तर नाकातल्या नळीला नको म्हणू नका. शेक मध्येच सोडू नका.