दुकान तुमच्या डोक्यात आहे की वहीत?



या आठवड्याच्या व्हिडिओत एक प्रश्न विचारला होता. उद्या सकाळी तुम्ही आजारी पडलात, दहा-बारा दिवस फोनसुद्धा घेता आला नाही, तर तुमच्या धंद्याचं काय होईल? व्हिडिओत वेळ कमी पडतो, म्हणून हिशेबासकट इथे सविस्तर लिहितोय.

माझ्यावर ही वेळ आली होती. धरणगावात माझं पाइप-फिटिंग आणि मोटारीच्या सामानाचं दुकान आहे. मे-जूनमध्ये आपल्याकडे बागायती कापसाची लागवड सुरू होते, तेव्हा दुकानात पाय ठेवायला जागा नसते. नेमक्या त्या दिवसांत मला टायफॉइड झाला. बारा दिवस अंथरुणात. दुकान आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, आणि कामावरच्या पोराने सांभाळलं.

परत आलो आणि माल मोजला. विक्री आणि गल्ला यांच्यात २७ हजारांचा फरक! मी तिथल्या तिथे पोराला नको ते बोललो, तेही गिऱ्हाइकांसमोर. तो दोन दिवस आलाच नाही. आप्पा एवढंच म्हणाले, "भाऊ, त्याला भाव कुठे माहीत होते? मला तरी कुठे माहीत होते?"

चोरी कोणीच केली नव्हती. बॉल व्हॉल्व्ह जुन्या भावाने गेले होते, कारण नवा भाव फक्त माझ्या डोक्यात होता. उधारी अर्धी वहीत, अर्धी माझ्या मोबाईलमध्ये होती. एक गिऱ्हाईक म्हणालं, "मी पैसे देऊन गेलो." दिलेही असतील. माझ्याकडे 'नाही' म्हणायला कागद नव्हता.

गंमत बघा, बीबीएला असताना कामाच्या ठरावीक पद्धतीवर, ज्याला आपण एसओपी म्हणतो, मी दहा मार्कांचं उत्तर लिहिलं होतं. मार्कही चांगले पडले होते. स्वतःच्या दुकानात मात्र एक ओळ लिहिलेली नव्हती.

सिस्टीम म्हटलं की आपल्याला कॉम्प्युटर आठवतो. मुंबईचे डबेवाले आठवा. १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी हे काम सुरू केलं, तेव्हा कुठला कॉम्प्युटर? यातले बरेच जण कमी शिकलेले. डब्याच्या झाकणावर थोडे आकडे, अक्षरं आणि रंग असतात. डबा कुठल्या स्टेशनवर उतरवायचा, कोणी पोहोचवायचा, कुठली इमारत, कितवा मजला, हे सगळं त्यात येतं. एक डबा रस्त्यात अनेक हातांतून जातो, आणि पुढच्या माणसाला मागच्याला काही विचारावं लागत नाही. तुमच्या दुकानात पुढच्या माणसाला तुम्हाला फोन न करता काम करता येतं का, एवढंच तपासा.

मी तीन गोष्टी केल्या.

भावाची वही सगळ्यात सोपी. प्रत्येक मालाचा विक्रीचा भाव आणि शेवटचा किती कमी करायचा तो भाव. नवीन बिल आलं की माल मांडण्याआधी वही बदलायची. झालं.

मालाच्या मागणीला थोडं गणित लागतं. समजा एक इंची बॉल व्हॉल्व्ह रोज सरासरी ६ जातात. जळगावहून माल यायला ३ दिवस लागतात. गाडी चुकली, व्यापाऱ्याकडे माल नसला, तर आणखी २ दिवस धरा. ६ गुणिले ५ म्हणजे ३०. खोक्यावर मोठ्या अक्षरात ३० लिहा. तेवढे उरले की पोराने चिठ्ठी लिहून मागणीच्या डब्यात टाकायची, मला विचारायचं नाही. हंगामात हेच रोज १५ जातात, मग आकडा ७५ होतो. म्हणून खोक्यावर दोन आकडे ठेवा, एक हंगामाचा आणि एक एरवीचा. सगळ्या मालाला लगेच हे करू नका, थकून सोडून द्याल. जास्त खपणाऱ्या वीस वस्तूंपासून सुरू करा.

आता उधारी. खान्देशात उधारीशिवाय धंदा होत नाही, हे मला कोणी शिकवू नये आणि मीही तुम्हाला शिकवणार नाही. शेतकरी जूनमध्ये माल नेतो, पैसा कापूस विकल्यावर येतो. पण कापूस कधी विकला जाईल? २०२२ मध्ये कापसाने क्विंटलला दहा हजारांच्या वरचा भाव पाहिला. पुढच्या हंगामात त्याच आशेने कित्येकांनी कापूस घरात भरून ठेवला आणि भाव उतरत गेला. शेतकऱ्याचं नुकसान झालंच, आणि आपली उधारीही त्याच कापसाखाली दबून राहिली. म्हणून 'दिवाळीनंतर' ही तारीख नसते. तारीख म्हणजे तारीख.

माझ्या उधारीच्या वहीत आता नाव, गाव, मोबाईल, माल, रक्कम, द्यायची तारीख आणि सही असते. सही मागायला जीभ अडखळते, मान्य आहे. ओळखीचा माणूस दुखावतो. मी म्हणतो, "दादा, उद्या मी नसलो तर पोराला कळलं पाहिजे, म्हणून इथे एक सही करा." आजवर कोणी रागावलं नाही. माझ्या आजारपणाची गोष्ट गावाला माहीत आहे, त्याचाही उपयोग होतो!

सहीचं दुसरं कारण कायद्याचं आहे. मुदतीच्या कायद्याप्रमाणे विकलेल्या मालाच्या पैशासाठी दावा करायला साधारणपणे तीन वर्षं मिळतात. ती संपायच्या आत गिऱ्हाइकाने बाकी मान्य असल्याची लेखी सही दिली, तर त्या दिवसापासून मुदत नव्याने मोजतात. म्हणून दर वर्षी जुन्या बाकीवर पुन्हा सही घ्या. कोर्टात जायची वेळ न येवो, पण वही कच्ची ठेवू नका. शिवाय प्रत्येक खात्याला एक मर्यादा ठरवा. ती ओलांडायचा अधिकार मी स्वतःलाही ठेवलेला नाही, कारण भिडेला सगळ्यात आधी मीच बळी पडतो.

वह्या चार दिवसांत तयार झाल्या. स्वतःला बदलायला वर्ष लागलं. खरं सांगू? "माझ्याशिवाय दुकान चालत नाही" असं म्हणताना मला आतून बरं वाटायचं. गिऱ्हाईक "मालक कुठे?" म्हणालं की छाती फुगायची. मी पोराला पाच टक्क्यांपर्यंत सूट द्यायचा अधिकार दिला, आणि पहिल्याच आठवड्यात त्याने नको तिथे सूट दिली. दीडशे रुपये गेले. जीभ चावून गप्प बसलो. संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर वही उघडून दोघांनी बघितलं. पुन्हा ती चूक त्याच्याकडून झाली नाही.

आपल्या जिल्ह्यात धंद्याची गोष्ट निघाली की भवरलाल जैन यांचं नाव येतंच. १९६३ मध्ये सात हजार रुपयांत रॉकेल विकायला सुरुवात केली, हे सगळे सांगतात. त्यांच्या कंपनीला नव्वदच्या दशकात ग्रॅनाइट, वित्त अशा शेतीबाहेरच्या धंद्यांत मोठा फटका बसला आणि ते परत शेतीकडे वळले, हे फार कमी जण सांगतात. मला हा दुसरा भाग जास्त शिकवतो. एवढ्या मोठ्या माणसाला 'इथे चुकलो' म्हणून मागे फिरता आलं. मला तर पोराला "मी चुकलो" एवढंच म्हणायचं होतं, आणि त्याला मी तीन आठवडे लावले.

"सर, सॉफ्टवेअर कुठलं घेऊ?" असं तुम्ही विचारणारच. आधी तीन महिने वही भरा. वही रोज भरली गेली नाही, तर सॉफ्टवेअरही भरलं जाणार नाही, फक्त त्याचे पैसे जातील.

या आठवड्याचं काम: एक दिवस ठरवा आणि दुपारी २ ते ५ फोन बंद करून घरी बसा. दुकानात कोणी नसेल तर घरच्या माणसाला बसवा. तेवढ्या वेळात त्यांना तुम्हाला जे जे विचारावंसं वाटलं, ते त्यांनी कागदावर लिहून ठेवायचं. माझ्या पहिल्या कागदावर १९ प्रश्न होते. मागच्या महिन्यात पुन्हा बसलो, तेव्हा दोन होते. त्यातला एक होता, "चहा मागवू का?"