पाठीचा कणा

संकटापुढे जो वाकत नाही, त्याला मराठीत 'ताठ कण्याचा माणूस' असे म्हणतात. शेती हा देशाचा कणा आहे, हे वाक्य तर प्रत्येक विद्यार्थ्याच्या कानांवरून गेलेले असते. भाषेने ज्या अवयवाचा एवढा गौरव केला, त्याच्याकडे मात्र तो दुखू लागेपर्यंत फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

कणा हा एकसंध दांडा नसून ती मणक्यांची माळ आहे. लहान मुलाच्या कण्यात ३३ मणके असतात. वाढत्या वयाबरोबर खालचे ९ मणके जुळून त्यांची २ हाडे होतात. म्हणून प्रौढ माणसाच्या कण्यात २६ हाडे मोजली जातात. मानेत ७, छातीमागे १२ आणि कमरेत ५ मणके असतात. समोरून पाहिल्यास कणा सरळ दिसतो. बाजूने पाहिल्यास तो मंद वळणे घेत खाली उतरतो. या वळणांमुळेच चालताना व धावताना बसणारे हिसके मेंदूपर्यंत पोहोचण्यापूर्वी सौम्य होतात.

बहुतेक मणक्यांच्या मध्ये कूर्चेची एकेक लवचीक चकती असते. दिवसभर शरीराचा भार पडून या चकत्यांतील पाणी थोडेसे कमी होते आणि रात्रीच्या विश्रांतीत ते पुन्हा भरते. म्हणून सकाळी उठताना माणूस रात्रीपेक्षा सुमारे एक सेंटिमीटर अधिक उंच असतो! चकत्यांना रक्ताचा थेट पुरवठा जवळजवळ नसतो. स्पंज दाबला व सोडला म्हणजे त्यात पाणी खेळते, त्याप्रमाणे शरीराच्या हालचालीने चकत्यांना पोषण मिळते.

चांगली बैठक कशी असावी, याचा एक सुंदर नमुना छत्रपती संभाजीनगरपासून, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादपासून, सुमारे ३० किलोमीटरांवर आहे. वेरूळच्या दहाव्या क्रमांकाच्या लेण्याला लोक 'सुतार का झोपडा' म्हणतात. कारण त्याच्या छताला लाकडी वाशांसारख्या दगडी फासळ्या कोरलेल्या आहेत. तेथे स्तूपापुढे बुद्धाची भव्य मूर्ती आहे. ती मांडी घालून बसलेली नाही. आपण खुर्चीवर बसतो, तशी पाय खाली सोडून बसलेली आहे. पाठ सरळ, मान तोललेली, खांदे सैल आणि दोन्ही पावले टेकलेली. या बैठकीत ताठरपणा नाही आणि पोकही नाही.

तथापि, मूर्ती आणि माणूस यांत एक मोठा भेद आहे. दगडाची मूर्ती शतकानुशतके एकाच स्थितीत बसू शकते. जिवंत पाठीला ते मानवत नाही. कितीही उत्तम बैठक असली, तरी ती तासन् तास तशीच ठेवली की स्नायू थकतात. म्हणून लिहितावाचताना अर्ध्या तासाने उठावे, चार पावले चालावे, हात वर ताणावेत. वही डोळ्यांपासून योग्य अंतरावर ठेवावी. माणसाचे डोके सुमारे साडेचार ते पाच किलो वजनाचे असते. मान पुढे झुकवून मोबाइलच्या पडद्यात पाहत राहिल्यास मानेच्या स्नायूंवर त्याचा भार कितीतरी वाढतो.

हे सत्य पैठणच्या विणकराइतके कोणास कळणार? पारंपरिक मागावर विणकर जमिनीतील खड्ड्यात पाय सोडून बसतो. पुढे वाकून रेशमाच्या बारीक कांड्या तो हाताने धाग्यांतून ओवतो, तेव्हा पदरावर मोर आणि कमळे उमटतात. एका पैठणीला कित्येक आठवडे, तर कधी कित्येक महिने लागतात. साडी पाहणाऱ्याला रंग दिसतात. तिच्यामागे वाकलेली पाठ दिसत नाही. पाठ दुखून विणकर मागावरून उठला, तर एका घराची मिळकत थांबतेच, शिवाय बोटांतील कलाही त्याच्याबरोबर उठून जाते. म्हणून मागाची उंची विणकराच्या शरीराशी जुळणारी असणे आणि कामात अधूनमधून विसावा असणे, ही चैन नव्हे, गरज आहे.

भार उचलण्यालाही रीत असते. विद्यार्थ्याच्या दप्तराचे वजन त्याच्या स्वतःच्या वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक नसावे, असे महाराष्ट्र शासनाने २०१५ साली ठरवून दिले. म्हणजे ३५ किलो वजनाच्या मुलाचे दप्तर साडेतीन किलोपर्यंत असावे. दप्तर दोन्ही खांद्यांवर घ्यावे आणि जड पुस्तके पाठीकडील बाजूस ठेवावीत. मराठवाड्यात उन्हाळ्यात टँकर आला की मुलेही पाणी भरण्यास धावतात. दहा लिटर पाणी म्हणजे दहा किलोंचा भार! अशा वेळी कमरेत न वाकता गुडघ्यांत वाकावे, भांडे अंगाशी धरावे आणि पायांच्या बळाने उठावे. एक जड कळशी एकाच हाती नेण्यापेक्षा दोन्ही हातांत दोन लहान भांडी नेणे बरे.

पाठीचे खरे आधार म्हणजे पाठीचे व पोटाचे बळकट स्नायू. ते खेळाने घडतात. जागतिक आरोग्य संघटनेने मुलांना दररोज किमान ६० मिनिटे अंग हलविणारे श्रम वा खेळ सांगितले आहेत. खो-खो, पोहणे, सूर्यनमस्कार, सायकल यांपैकी काहीही चालेल.

काही मुलांचा कणा जन्मतः किंवा आजाराने वाकलेला असतो. तो त्यांचा दोष नव्हे आणि त्यांना हसणे हे असंस्कृतपणाचे लक्षण होय. पाठ वारंवार दुखत असेल, किंवा एक खांदा दुसऱ्यापेक्षा उंच दिसत असेल, तर ते न लपवता वडील माणसांना सांगावे व डॉक्टरांना दाखवावे.

२०२० साली जगात सुमारे ६२ कोटी लोकांना कंबरदुखीने ग्रासले होते. त्यांतील कोणालाही दुसरा कणा मिळणार नव्हता. जो एकच मिळाला आहे, त्याला रोज थोडे चालवावे, थोडे विसावू द्यावे आणि त्याच्यावर अकारण ओझे लादू नये, एवढीच त्याची मागणी असते.

अभ्यास

शब्दार्थ : कूर्चा – हाडापेक्षा मऊ, लवचीक ऊती, पोक – पाठीचा बाक, विसावा – विश्रांती.

१. सकाळी माणसाची उंची किंचित अधिक का असते?
२. वेरूळच्या मूर्तीची बैठक कशी आहे? माणसाने तिचे अनुकरण कोठपर्यंत करावे?
३. 'पैठणीमागे वाकलेली पाठ दिसत नाही,' असे का म्हटले आहे?
४. 'कणा' हा शब्द वेगवेगळ्या अर्थांनी वापरून तीन वाक्ये लिहा.
५. उपक्रम : आपले व आपल्या दप्तराचे वजन करा. दप्तर ठरलेल्या मर्यादेत आहे का, ते पाहा आणि नसल्यास त्यातून काय काढता येईल याची यादी करा.