आपत्काळाची पूर्वतयारी आणि गावातील सेवाभावी संस्था

तहान लागल्यावर विहीर खणू नये, असे आपले वडीलधारे सांगत आले आहेत. संकटाच्या बाबतीतही हेच खरे. गावावर आपत्ती कोसळते तेव्हा धावून येणाऱ्यांची उणीव नसते. उणीव असते ती आधी ठरविलेल्या व्यवस्थेची.

आपल्या उचगावच्या शिवाराजवळून मार्कंडेय नदी वाहते. पावसाळ्यात ती पात्र सोडून भाताच्या शेतांत शिरते, हे दृश्य आपणांस नवे नाही. पुढे ही नदी घटप्रभेस मिळते. २०१९ च्या ऑगस्ट महिन्यात कृष्णा, पंचगंगा, घटप्रभा आणि मलप्रभा या नद्यांना महापूर आले व बेळगाव, कोल्हापूर, सांगली हे तिन्ही जिल्हे एकाच वेळी संकटात सापडले. अशा प्रसंगी बाहेरची मदत सर्वत्र एकदम पोहोचणे शक्य नसते. पहिले काही तास प्रत्येक गावाला स्वतःच्याच बळावर काढावे लागतात.

परंतु केवळ धैर्य पुरेसे आहे काय? त्याच महापुरात, ८ ऑगस्ट रोजी, सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना सुरक्षित स्थळी नेणारी बोट उलटली आणि १७ जणांना प्राण गमवावे लागले. बोटीत क्षमतेपेक्षा अधिक माणसे होती. मदत करण्याची इच्छा होती, बोटही होती. परंतु किती माणसे घ्यावयाची हे काटेकोरपणे पाळले जाणेही तितकेच आवश्यक होते. याउलट कोल्हापूरची ‘व्हाइट आर्मी’ ही स्वयंसेवी संस्था आपल्या स्वयंसेवकांना बचावकार्याचे शिक्षण आधीच देते. म्हणून २०१९ च्या पुरातही ती उपयोगी पडली.

हाच आशय आपल्या कायद्यातही आहे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यान्वये प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली एक प्राधिकरण असते. जिल्ह्याची आपत्कालीन योजना तयार करणे आणि तळागाळात काम करणाऱ्या सेवाभावी संस्थांच्या सहभागास उत्तेजन देणे, ही त्याची कर्तव्ये होत. म्हणजे या संस्था ऐनवेळी आलेले पाहुणे नव्हेत. त्या योजनेच्या भागीदार आहेत.

मग गावपातळीवर काय करता येईल? पहिली गोष्ट, नोंद. पोहणारे कोण, दोर, ट्रॅक्टर, पाण्याचा पंप कोणाकडे, अंथरुणास खिळलेले वृद्ध, गरोदर स्त्रिया व तान्ही बाळे कोणत्या घरांत, हे पंचायतीच्या एका वहीत असावे.

दुसरी गोष्ट, कामाची वाटणी. युवक मंडळाने माणसे व जनावरे उंच जागी हलवावी. महिला मंडळाने अन्न, पिण्याचे पाणी व लहान मुलांची काळजी पाहावी. दूध संस्थेने घरोघर निरोप पोहोचवावा. वाटणी नसली की जुन्या कपड्यांचे ढीग पडतात आणि पाणी भरावयास भांडे मिळत नाही. आपल्या सीमाभागात आणखी एक काम आहे: कन्नडमधून आलेली सूचना घरातील आजी-आजोबांस मराठीत समजावून सांगणे.

तिसरी गोष्ट, सराव. मृग निघण्यापूर्वी सर्व मंडळांनी एकदा एकत्र येऊन तालीम करावी. त्या वेळी आज्ञा कोणी द्यावयाची हेही ठरवावे. कारण दहा जण हुकूम देऊ लागले तर एकही काम पुरे होत नाही. शिक्षण न घेतलेल्याने पुराच्या पाण्यात उतरू नये, हा नियम सर्वांनी पाळावा.

यावर कोणी म्हणेल, ही कामे शासनाची आहेत. ते खरेच आहे. शासनाची जबाबदारी सेवाभावी संस्थांच्या खांद्यावर टाकता येणार नाही. पण कोणत्या घरात कोण आजारी आहे, हे शेजाऱ्याला जितके ठाऊक असते तितके कचेरीतील कागदाला नसते. ते ज्ञान योजनेत उतरविणे हेच या संस्थांचे खरे कार्य होय.

विद्यार्थिमित्रहो, आपणही यात वाटा उचलू शकतो. आपल्या गल्लीतील एकट्या राहणाऱ्या वृद्धांची नावे लिहून पंचायतीस द्यावी, ११२ हा तातडीचा क्रमांक घरातील सर्वांकडून पाठ करून घ्यावा. एवढी तयारी आज झाली, तर उद्या नदी दाराशी आली तरी गाव गोंधळून जाणार नाही.