केसगळती : चाई, पोषण आणि शेगावचा धडा

डिसेंबर 2024 च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत लोकांचे केस अवघ्या तीन-चार दिवसांत गळू लागले. पुढे 18 गावांतील 279 जणांना ही बाधा झाल्याची नोंद झाली. शेजारच्या अकोला, अमरावती जिल्ह्यांतही चिंता पसरली. बाधितांना उपहास सोसावा लागला. उपवर मुलामुलींच्या घरी काळजी वाढली. प्रारंभी बुरशी व दूषित पाणी यांवर संशय होता. त्यानंतर भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पथकाने नमुने घेतले. पद्मश्री डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी 2025 मध्ये आपल्या तपासणीचे निष्कर्ष मांडले. बाधितांच्या रक्तात सेलेनियम 35 पट, लघवीत 60 पट व केसांत 150 पट अधिक आढळले, तर जस्ताचे प्रमाण कमी होते. स्वस्त धान्य दुकानांतील परप्रांतीय गव्हाकडे त्यांनी बोट दाखविले.

चाई निराळी

चाई हा याहून निराळा विकार होय. त्यात शरीराची संरक्षक यंत्रणाच केसांच्या मुळांवर हल्ला करते व डोक्यावर गुळगुळीत, वाटोळे चट्टे पडतात. शंभरातील सुमारे दोघांना आयुष्यात केव्हातरी हा विकार होतो. तो संसर्गजन्य नाही. अशा मुलाला शाळेत वेगळे बसविणे सर्वथा अनुचित ठरते. चाईच्या अनेक रुग्णांत लोह, जस्त व ‘ड’ जीवनसत्त्व कमी आढळते. तथापि, कमतरतेमुळेच चाई होते असे सिद्ध झालेले नाही. कमतरता असल्यास ती भरून काढावी. मात्र तेवढ्याने चाई बरी होईलच, असे नाही.

कमी आणि अति

कमतरतेचा प्रश्न मात्र खरा आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्यातील 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय होता. लोहाच्या अभावी केस विरळ होतात. याउलट, सेलेनियमची प्रौढास रोज सुमारे 40 ते 55 मायक्रोग्रॅम एवढीच गरज असते. ते दीर्घकाळ 400 मायक्रोग्रॅमहून अधिक पोटात गेल्यास अपाय होऊ शकतो. केसांतील प्रथिनात गंधकाची जागा ते घेते. त्यामुळे केस ठिसूळ होतात व नखेही बिघडतात. पंजाबातील होशियारपूर, नवांशहर भागांतील काही जमिनींत ते मुळातच विपुल आहे. म्हणून ‘केस गळतात, गोळ्या घ्या’ हा सल्ला घातक ठरू शकतो.

गावाने काय करावे?

एकाच वेळी अनेकांचे केस गळू लागल्यास ग्रामपंचायतीने प्राथमिक आरोग्य केंद्रास तत्काळ कळवावे आणि पाणी व धान्य या दोहोंचे नमुने तपासणीस पाठवावेत. एकट्या व्यक्तीस चट्टे पडल्यास अमरावतीच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात वा अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखवावे. ज्वारी, तूर, हरभरा, पालेभाज्या व लिंबू हा वऱ्हाडी आहार लोह व जस्त यांसाठी उपयुक्त आहे. अनेक ठिकाणांहून आलेले धान्य आलटून-पालटून खाल्ल्यास एकाच जमिनीतील दोष ताटात साचत नाही. शेगावचा धडा एवढाच की, आधी तपासणी व्हावी, मगच उपचार.