गहू सोडण्याआधी आणि सोडल्यावर

गहू, जव आणि राय या धान्यांतील ग्लुटेन या प्रथिनामुळे काही मुलांच्या शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. या विकाराला सीलिॲक म्हणतात. त्यात अन्नरस शोषणारे आतड्याच्या अस्तरावरील सूक्ष्म उंचवटे, म्हणजेच रसांकुर, सपाट होत जातात आणि मुलाने खाल्लेले अंगी लागत नाही. डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी १९५० साली आपल्या प्रबंधात या विकाराचा गव्हाशी असलेला संबंध मांडला आणि गहू वर्ज्य करणे हाच त्यावरील मुख्य उपचार ठरला.

उपचार वरवर सोपा असल्यामुळेच पालकांची फसगत होते. मुलाचे पोट फुगते, वारंवार जुलाब होतात, वजन वाढत नाही, तेव्हा कोणाच्या तरी सांगण्यावरून पोळी बंद केली जाते. मुलाला बरे वाटू लागल्यावर तपासणी होते, पण तोवर रक्तातील प्रतिपिंडे घटलेली आणि रसांकुर सुधारू लागलेले असल्याने निदान अधांतरी राहते, आणि खात्रीसाठी त्याच मुलाला पुन्हा गहू खाऊ घालण्याची वेळ येते. म्हणून प्रतिपिंडांची चाचणी आणि गरज भासल्यास आतड्याच्या तुकड्याची तपासणी पूर्ण होईपर्यंत गहू बंद करू नये.

निदानानंतर पोळीच्या जागी भाकरी येते, तरी तक्रारी थांबत नाहीत, असाही अनुभव अनेक घरांत येतो. डबीतल्या हिंगात बहुधा मैदा मिसळलेला असतो, गिरणीत गव्हाच्या दळणापाठोपाठ ज्वारी दळली जाते, आणि कणीक मळलेल्या परातीतच भाकरीचे पीठ मळले जाते. त्यामुळे घटक वाचून हिंग घ्यावा, धान्य निवडून घरघंटीवर वेगळे दळावे आणि परात, पोळपाट स्वतंत्र ठेवावेत.

केवळ वर्ज्य केल्याने पोषण होत नाही. नाचणीतून कॅल्शियम मिळते, तांदूळ, ज्वारी, डाळी आणि अंडी यांतून ऊर्जा व प्रथिने मिळतात; लोह, फोलिक ॲसिड आणि ड जीवनसत्त्व यांची उणीव मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याने औषधानेच भरून काढावी लागते. दुधातील साखर पचवणारे विकर रसांकुरांवरच असते, म्हणून सुरुवातीला दूध न सोसल्यास ते कायमचे तोडू नये. आतडे सुधारल्यावर ते बहुधा पुन्हा पचू लागते.

वजन आणि उंची नियमित नोंदवावी, आणि पुढील चाचण्यांत प्रतिपिंडे अपेक्षेप्रमाणे घटली नाहीत, तर पथ्य निरुपयोगी ठरवण्याआधी स्वयंपाकघर, गिरणी आणि शाळेचा डबा तपासावा.